डॉल्फिन वसूल

खान्देशी माणसाला समुद्राचं किती अप्रूप असतं ते कोकणातल्या माणसाला कळायचं नाही. त्याच्या परसात समुद्र असतो, त्यामुळे तो खुशाल त्याच्याकडे पाठ करून सुपारी सोलत बसतो. आम्ही समुद्र बघायला निघतो तेव्हा दोन गाड्या, बारा-चौदा माणसं, बिबड्यांचा डबा, कळण्याचं पीठ आणि 'तिकडे काही तिखट मिळत नाही' म्हणून ठेच्याची बरणी एवढा सरंजाम सोबत असतो. जळगावहून दापोली सहाशे किलोमीटरच्या आसपास, तारकर्ली त्याहून पुढे. एवढं डिझेल जाळल्यावर नुसत्या लाटा बघून परतायचं म्हणजे घरी तोंड काय दाखवायचं? काहीतरी ठोस दिसायला हवं. ते ठोस म्हणजे डॉल्फिन, हे आता साऱ्या खान्देशात ठरून गेलं आहे.

तसा धुळेकरांना समुद्र जवळ. मुंबई-आग्रा, सुरत-कोलकाता आणि सोलापूरकडे जाणारा, असे तीन महामार्ग धुळ्यात एकत्र येतात, त्यामुळे धुळ्याचा माणूस कुठेही जाऊ शकतो, फक्त कुठे जायचं यावर घरात एकमत व्हावं लागतं. धुळ्याहून नवापूरमार्गे सुरत सव्वादोनशे किलोमीटर. पुढे डुमसच्या काळ्या वाळूवर उभं राहून टोमॅटोची भजी खायची आणि समुद्र बघितला म्हणायचं. पण तो समुद्र चहाच्या रंगाचा आहे आणि त्यात आमच्या तापीचा हात आहे. मुलताईला उगम पावून 724 किलोमीटर चालत आलेली तापी तिथेच समुद्राला मिळते. धुळ्याची पांझरा, जळगावची गिरणा, वाघूर, सगळ्या तिच्यातूनच जातात. म्हणजे आम्ही सुट्टी काढून, गाडी ठरवून समुद्रावर जातो; आमचं सांडपाणी मात्र बिनसुट्टीचं, बिनभाड्याचं रोज पोचतं.

"मग तापीतच का नसतो डॉल्फिन?" हा प्रश्न भुसावळच्या पुलावर कोणीतरी विचारतोच. नदीतला डॉल्फिन आहे, पण तो गंगेत आणि ब्रह्मपुत्रेत. 2009 साली त्याला राष्ट्रीय जलचर ठरवलं. नद्यांमधल्या डॉल्फिनांची देशभर मोजणी झाली, तिचा आकडा 2025च्या मार्चमध्ये जाहीर झाला: 6,327. त्याला डोळ्यांनी जवळपास काहीच दिसत नाही, आवाजाच्या प्रतिध्वनीवर तो गढूळ पाण्यात मासे शोधतो. आमच्या तापीत उन्हाळ्यात धरणाखाली जे पाणी उरतं, त्यात त्याने पोहायचं की चालायचं हाच प्रश्न पडेल.

तेव्हा कोकणच. आणि कोकणातला डॉल्फिन म्हणजे कोण, हे निघण्याआधी समजून घेतलं तर पुढचा बराच मनस्ताप वाचतो. आपल्या किनाऱ्यालगत जो दिसतो तो बहुतेक वेळा हंपबॅक जातीचा, पाठीवर लांबट कुबड आणि त्या कुबडावर छोटासा पर असलेला. रंग पावसाळी ढगाचा. लांबी आठ फुटांच्या आसपास, वजन दोनशे किलोच्याही पुढे जाऊ शकतं. खोल समुद्राची त्याला हौस नाही. वीस-पंचवीस मीटरच्या आतलं उथळ पाणी, खाडीचं तोंड, बोय आणि तारली मिळेल अशी जागा, एवढ्यात त्याचा संसार. म्हणजे जिथे जाळी लागतात, जिथे गावाचं गटार येतं आणि जिथे आपली बोट फिरते, नेमकी तीच पट्टी. म्हणून तो आपल्याला दिसतो आणि म्हणूनच त्याचं नाव जगातल्या धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या यादीत गेलं आहे.

आमची पंचाईत अशी की आमच्या मनात दुसराच डॉल्फिन असतो. टीव्हीतला. निळ्याशार तलावातून उसळी मारून रिंगणातून जाणारा, शिट्टी वाजली की टाळ्या वाजवणारा. तो वेगळ्या जातीचा आणि पोटासाठी नोकरीला लागलेला. असले खेळाचे तलाव आपल्याकडे काढायला परवानगी देऊ नका, असं 2013 साली केंद्राने राज्यांना कळवलं, ते बरंच झालं. किनाऱ्यावरचा आपला डॉल्फिन अबोल आहे. क्वचित उडी मारतोही, पण ती त्याच्या कामासाठी. एरवी तो वर येतो, फुस्स करून श्वास सोडतो, कुबड दाखवतो आणि खाली जातो. मग मिनिटभर, कधी त्याहून जास्त वेळ, पाणीच पाणी. सहाशे किलोमीटर येऊन एका प्राण्याने आपल्याला पाठ दाखवावी, हे जिभाऊंना सहन होत नाही.

जिभाऊ प्रत्येक खान्देशी सहलीत असतात. कधी त्यांना अप्पा म्हणतात, कधी नाना, पण माणूस तोच. सोयरीक, बोअरवेल, कापसाचा भाव आणि परक्या गावातला रस्ता या चार विषयांत त्यांचा शब्द शेवटचा. बोटीत ते सगळ्यात आधी चढतात आणि सगळ्यात पुढे बसतात. मग खलाशी त्यांना नारिंगी जाकीट देतो. ते आधीच्या फेरीतल्या कोणाच्या तरी घामाने ओलं असतं. त्याच्या तीन चापांपैकी मधल्याचा दात तुटलेला असतो, तिथे नायलॉनची हिरवी दोरी बांधलेली असते, आणि ती दोरी जिभाऊंच्या पोटाला वळसा घालून पलीकडच्या कडीपर्यंत चार बोटं कमी पडते. खलाशी दोन्ही हातांनी ओढतो, जिभाऊ श्वास रोखतात, गाठ बसते. मग जिभाऊ श्वास सोडतात.

बोट सुटली की मोरया होतो. एकाच बोटीत धुळ्याकडची अहिराणी आणि रावेर-यावलकडची लेवा बोली बसलेली असते, त्यामुळे 'कथा शे?' आणि 'कुढी हाये?' हे दोन्ही प्रश्न डॉल्फिन दिसण्याच्या बऱ्याच आधीपासून सुरू होतात. "तठे दख, तठे!" असं एकाने ओरडायचा अवकाश, सगळी बोट उजवीकडे धावते. बोट उजवीकडे कलते. खलाशी ओरडतो. सगळे डावीकडे येतात. उजवीकडे जे दिसलं होतं तो जाळ्याला बांधलेला थर्माकोलचा तुकडा होता, पण तोवर त्याचे पाच-सात फोटो निघालेले असतात आणि एक जळगावला पोचलेलाही असतो. खरा डॉल्फिन येतो तेव्हा कोणी बिबडी मोडत असतं, कोणी उलटी करत असतं. फुस्स. सगळे मोबाईल वर. घरी जाऊन बघावं तर पाऊण मिनिटाच्या त्या व्हिडिओत आकाश आहे, अप्पांचा कान आहे, करडं पाणी आहे आणि शेवटी 'गेला ना भो' असा आवाज आहे. एखाद्या वहिनी प्रेमाने शेवेची मूठ पाण्यात टाकतात. जळगावची शेव पाहुण्याने नाकारलेली त्यांनी कधी पाहिलेली नसते. हा पाहुणा जिवंत मासा खातो, तोही स्वतः पकडलेला. त्याला काहीच टाकायचं नसतं, शेवेचं रिकामं पाकीट तर मुळीच नाही.

इथवर गंमत आहे. यापुढे जिभाऊ खिशात हात घालतात.

"दादा, नुसती पाठ दाखवली. पैसे वसूल नाही झाले. जवळ घ्या ना जरा." माणशी दर आधी ठरलेला असतो, तो घासाघीस करून खाली आणलेला असतो, आणि बदल्यात 'दिसला नाही तर पैसे नाही' असं कबूल करून घेतलेलं असतं. गोव्यात तर अशी हमी पाटीवर रंगवलेली सापडते. जंगली जनावराच्या येण्याजाण्याची हमी दुसऱ्या माणसाने कशी द्यायची, हा प्रश्न कोणाला पडत नाही. खलाशाचं डिझेल जळतं, मागे पुढची फेरी ताटकळते, सीझन चार महिन्यांचा. तो गिअर टाकतो आणि जिथे पाठ दिसली तिथे बोट घालतो. शेजारच्या बोटीतले जिभाऊही मागे राहात नाहीत. नाताळच्या सुट्टीत एका डॉल्फिनभोवती अशा बोटींचं रिंगण पडतं की तो वर कुठे येणार हा पेच त्यालाच पडावा.

ओरडण्याबद्दल इथे थोडा उलगडा केला पाहिजे. आपण हवेत ओरडतो तो आवाज पाण्यात फारसा शिरत नाही, पाण्याच्या पृष्ठभागावरून बहुतेक परत फिरतो. म्हणजे आमच्या स्पीकरवरच्या अहिराणी गाण्याने डॉल्फिनच्या कानाला थेट त्रास होतो असं नाही. होतो तो शेजारच्या बोटीतल्या नाशिककरांना. पण आपण ओरडलो की खलाशी वेग वाढवतो, आणि इंजिनाचा, पंख्याचा आवाज मात्र पाण्यातच जन्मतो आणि हवेतल्यापेक्षा चौपट वेगाने पळतो. ज्या जिवाचं मासे शोधणं, पिलाला हाक मारणं, रस्ता काढणं सगळं आवाजावर चालतं, त्याच्या डोक्यावर सारखे गिअर बदलायचे म्हणजे त्याला आंधळा करण्यासारखंच. त्यातून त्याची झोपही आपल्यासारखी नाही. मेंदूचा एक अर्धा भाग झोपतो, दुसरा जागा राहून श्वास घ्यायची आठवण ठेवतो. अशा अर्धवट झोपेत संथ पोहणाऱ्या कळपात आपण मोरया करत घुसतो.

हे कोणाच्या हळवेपणाचं बोलणं नाही, मोजलेलं आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियात शार्क बे नावाचा उपसागर आहे. तिथे डॉल्फिन दाखवणारा एक परवानाधारक होता, त्याचे दोन झाले. अभ्यासकांनी वर्षानुवर्षं नोंदी ठेवल्या आणि दिसून आलं की त्या भागातले डॉल्फिन कमी होत चालले आहेत. 2006 साली ते प्रसिद्ध झालं. सरकारने दोनातला एक परवाना काढून घेतला. फक्त दोन! आमच्याकडे पंचवीस डिसेंबरला दोन बोटी म्हणजे खलाशांचा संप आहे की काय असं लोक विचारतील.

खलाशाला दोष देऊन आम्ही मोकळे होतो, पण मला वाटतं यातली चावी गिऱ्हाईकाच्या हातात आहे, आणि गिऱ्हाईकी करण्यात जळगावचा हात कोण धरणार? सोन्याच्या पेढीवर घडणावळीसाठी तासभर बसणारी माणसं आम्ही. तर सौदा बोटीत पाय टाकायच्या आधी, वाळूवरच करावा. फक्त कलमं वेगळी. मागे लागायचं नाही. डॉल्फिनच्या पन्नासेक मीटरच्या आत आपण होऊन जायचं नाही. समोरून वाट अडवायची नाही, पाठीमागून रेटायचं नाही, जायचंच तर बाजूने, त्याच्या चालीला समांतर, हळू. आधीच दोन-तीन बोटी असतील तर आपण लांब थांबायचं. सोबत पिल्लू दिसलं तर तिथून निघायचं, कारण ते आईला चिकटून दूध पितं आणि पळापळीत तिच्यापासून तुटू शकतं. आपण थांबलेले असताना तो स्वतःच जवळ आला, तर इंजिन न्यूट्रलला टाकून गप्प बसायचं. पाण्यात उडी मारायची नाही, हात लावायचा नाही. पंधरा-वीस मिनिटं झाली की त्याला त्याच्या कामाला मोकळं सोडायचं. आणि हे सगळं करून तो दिसलाच नाही, तरी पैसे पूर्ण.

हे शेवटचं कलम ऐकून खलाशी चमकतो. पूर्ण पैसे आपण होऊन देणारा पर्यटक त्याने पाहिलेला नसतो. आपण वनखात्याचे की काय असा त्याला संशय येतो. तो संशय काही काळ राहू द्यावा, बोट फार नीट चालते. एकदा विश्वास बसला की मात्र तो खुलतो. मग कळतं की त्याला यातले काही डॉल्फिन पराच्या फाटक्या कडेवरून ओळखता येतात, जाळं फाडून गेला म्हणून एकाला त्याने शिव्याही दिल्या आहेत, आणि कोणत्या भरतीला खाडीच्या तोंडाशी ते येतात हे त्याला पाठ आहे. "आराडलात तर तो वर येवचो नाय," असं मालवणकडचा खलाशी सांगतो, तेव्हा जिभाऊसुद्धा गप्प होतात. बोलीभाषेतला दम जिभाऊंना लगेच समजतो.

आता कधी जायचं. इथे नियतीने खान्देशाची खरी थट्टा केली आहे. आमच्याकडे कोकणची सहल निघते ती मे महिन्यात, जळगावचा पारा पंचेचाळिशीला टेकला की. मेच्या अखेरीस तर समुद्र फुगायला लागतो, पर्यटकांच्या बोटी ओढून शाकारायला घेतात, आणि ऑगस्ट संपेपर्यंत सगळं बंद. समुद्र शांत, पाणी सपाट आणि काळा पर लांबून उठून दिसेल असा काळ म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी. आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी म्हणजे भरीत. बामणोदची वांगी बाजारात आलेली, शेतात काट्यांवर भाजणं चाललेलं, कांद्याची पात, कळण्याची भाकरी, आज ह्याच्या मळ्यात पार्टी, उद्या त्याच्या. जळगावच्या भरिताच्या वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकनही मिळालं, तेव्हापासून ते सोडून जाणं हा आता जिल्ह्याचाही अपमान. डॉल्फिनने आपला हंगाम थोडा मागेपुढे केला असता तर बरं होतं. पण त्याने खान्देशाला विचारलं नाही.

वेळेचंही तेच. बघायची वेळ सकाळी सात ते नऊ. तेव्हा वारा पडलेला असतो. दहा-अकरानंतर समुद्राकडून वारा सुटतो, पाण्यावर पांढरे तुरे उठतात, आणि मग प्रत्येक तुरा डॉल्फिन वाटतो. आमचा चहा, मग पोहे, मग कोणाची तरी आंघोळ राहिलेली, मग चार्जर सापडत नाही, असं करत आम्ही साडेअकराला वाळूवर उतरतो. तोवर डॉल्फिनची शिफ्ट बदललेली असते.

खरं सांगायचं तर डॉल्फिन बघण्याची जेवढी तयारी आमची झालेली आहे तेवढी महाराष्ट्रात कोणाचीच नसेल. आमच्या कित्येक गावांत नळाला चार-आठ दिवसांनी पाणी येतं. कधी येईल ते नक्की नसतं. पण येणार यावर सगळ्यांची श्रद्धा असते. गृहिणी पहाटे उठून, हंडे लावून, हातातलं काम न सोडता कान नळाकडे ठेवून असते. कोणी नळाच्या मागे धावत नाही. आणि मग तोटीतून आधी हवा येते: फुस्स. त्या आवाजाला सगळं घर उठतं. बोटीत बसून नेमकं एवढंच करायचं असतं. इंजिन बंद, तोंड बंद, नजर पाण्यावर सैल सोडलेली. डॉल्फिनचा श्वासही आधी ऐकू येतो, मग दिसतो. ज्या काकू बोटीत 'मला काही दिसणार नाही' म्हणून मागे बसलेल्या असतात, त्यांनाच तो पहिल्यांदा दिसतो, तो या रियाजामुळे.

आणि हीच माणसं हिवाळ्यात हतनूरच्या धरणावर पाहुणे पक्षी बघायला जातात तेव्हा केवढी शहाण्यासारखी वागतात! लांबून, दुर्बिणीतून, कुजबुजत. तिथे कोणी बदकांच्या थव्यात होडी घालत नाही, आणि पट्टेरी डोक्याचा हंस जवळ आला नाही म्हणून पैसे परत मागत नाही. समुद्रावर गेलं की याच लोकांना काय होतं कोण जाणे. मला वाटतं तिकीट हे कारण असावं. हतनूरला पक्षी फुकट दिसतो.

फुकट डॉल्फिनचीही सोय आहे म्हणा. तो किनाऱ्यालगत राहणारा असल्यामुळे उंच कड्यावरून, सकाळच्या सपाट पाण्यावर, दुर्बीण लावली तर दिसू शकतो. आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीला तर सगळे जातातच. दर्शन घेऊन लगेच खाली सरबताला पळायच्या ऐवजी सुवर्णदुर्गाच्या बाजूचं पाणी अर्धा तास न्याहाळावं. जवळच वेळासला कासवं बघायला लोक जातात, तिथे 2002 साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांसोबत घरटी राखायला सुरुवात केली. तिथला शिरस्ता मला फार आवडतो. सकाळी घरट्यावरची टोपली उचलतात. पिल्लं असली तर दिसतात, नसली तर 'संध्याकाळी या'. संध्याकाळीही नसली तर गावात जेवा, झोपा, उद्या बघू. कासवाच्या बाबतीत हे सगळ्यांना पटतं.

सहल परतली की ओट्यावर हिशोब होतो. यंदा एका जिभाऊंनी पैसे पूर्ण देऊन, मागे न लागता, लांबूनच एक पाठ आणि एक पिल्लाचा पर एवढंच बघून आल्याचं सांगितलं. व्हिडिओ नव्हता. ओट्यावरच्या मंडळींनी ते सहानुभूतीने ऐकलं आणि मग खान्देशात कोणत्याही जलचराबद्दल विचारतात तो प्रश्न विचारला: रस्सा कसा होतो त्याचा?

जिभाऊ ताठ झाले. 1972चा वन्यजीव कायदा, पहिली अनुसूची, खलाशाकडून ऐकलेलं सगळं त्यांनी एका दमात सांगून टाकलं. "त्याना नंबर वाघना बरोबर शे," ते म्हणाले.

वाघ म्हटल्यावर सगळे सावरून बसले. यावलचं जंगल काही फार लांब नाही.

"मंग डरकाई फोडस का?" कोणीतरी विचारलं.

"नही रे भो," जिभाऊ म्हणाले, "नुसतं फुस्स करस."